मामांना दिलेलं कुडोज

आमच्या ऑफिसात कुणाला झापायचं असेल तर आधी त्याला कुडोज देतात.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी साहेब बेल दाबायचे, शिपाई येऊन "आत बलावलं" म्हणायचा, आणि आपण आत जाऊन झापून घेऊन यायचो. सरळ काम. मग एकदा हिंगोलीतल्या आम्हा सगळ्या कारकुनांना एका हॉलमध्ये बसवून पुण्याहून आलेल्या एका टायवाल्या माणसानं शिकवलं, की माणसाची चूक सांगायच्या आधी त्याचं कौतुक करावं. मग हळूच चूक सांगावी. कौतुकासाठी शब्दही त्यानंच दिला, कुडोज. तेव्हापासून साहेब म्हणतात, "कुडोज, फाइल वेळेत दिली. पण..." त्या 'पण'च्या पुढं जे येतं ते जुन्याच पद्धतीचं असतं. आता नुसतं कुडोज ऐकलं तरी आम्ही खुर्चीत सावरून बसतो. डॉक्टरनं दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की थंड वाटतं, पण कुणाला बरं वाटत नाही, तसं.

मी मोबाइलवर अर्थ बघितला होता. कीर्ती, वाहवा, शाबासकी. मूळ शब्द ग्रीक म्हणे. ग्रीक लोकांत त्याच्या पुढं 'पण' यायचा का, ते मोबाइलनं सांगितलं नाही.

आमच्या भागात कौतुकाचा असा सुकाळ कधीच नव्हता. हळद सोन्यासारखी निघाली तरी धनी म्हणतो, "काय वंगाळ न्हाई." पोरगं वर्गात पहिलं आलं तर बाप म्हणतो, "बघू आता पुढल्या साली." ह्यात कंजूषपणा नाही, सावधपणा आहे. कौतुक केलं की माणूस अडकतो. कुणाच्या बैलाला चांगला म्हणा, मालक लगेच विचारतो, "घेता का?" भाजीला छान म्हणा, ताटात पुन्हा भाजी. म्हणून आमचा माणूस कौतुकाचा शब्द दोरी बांधून विहिरीत सोडतो आणि पाण्याला लागायच्या आत वर ओढून घेतो. इंग्रजी शब्दाला असली दोरी लागत नाही, तो हवेतच विरून जातो, अशी माझी समजूत होती. ती समजूत घेऊन मी सासुरवाडीला गेलो.

अधिक महिना होता आणि धोंड्याचं बोलावणं आलं होतं. ह्या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, अनारशांचं वाण देतात. आमच्या सासऱ्यांच्या घरात आणखी एक रीत आहे. धोंड्याला आलेल्या जावयानं काही मागितलं तर त्याला ना म्हणायचं नाही. मागच्या अधिकात मी मनगटी घड्याळ मागितलं होतं. त्याच्या आधीच्या अधिकात ऐन वेळी काही सुचेना, म्हणून छत्री मागितली होती. बायको अजून ती छत्री काढते. म्हणजे तोंडातून काढते, कपाटातून नाही.

यंदा निघायच्या आधी पुण्याहून मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, यंदा काय मागणार?"

"अजून ठरवलं नाही."

"चावी मागा."

"कसली चावी?"

"बाबांच्या गाडीची."

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी कार घेतली आणि तिला रोज पुसून पुसून आणखी पांढरी केली. पण गेल्या वर्षापासून त्यांची बाजूची नजर गेली. समोरचं दिसतं, तेही नळीतून बघितल्यासारखं. कडेचं काहीच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरनं गाडी बंद करायला सांगितली. मामांनी ऐकून घेतलं, बाहेर आले आणि गाडी चालवत घरी गेले. वर म्हणाले, "डॉक्टरला स्वतःला तर रिव्हर्स येत न्हाई." मामींनी चावी ज्वारीच्या कोठीत लपवली, तर मामांनी हिंगोलीहून दुसरी करून आणली.

"आमचं कुणाचंच ऐकून नाही राहिले," मेहुणा म्हणाला. "धोंड्यात तुमचं मोडता येणार नाही त्यांला. तुमीच सांगा दाजी. एखादं लेकरू आडवं आलं म्हंजे काय करावं?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी हो म्हणालो. पण सासऱ्याला, तेही जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला, "आता चावी ठेवा" असं तोंडावर म्हणायचं कसं? मग मला टायवाला माणूस आठवला. आधी कौतुक, मग चूक. मी वाक्य तयार केलं. मामा, तुम्हाला कुडोज, आयुष्यभर तुम्ही उत्तम गाडी चालवली. पण आता नजर साथ देत नाही, तेव्हा यंदाचं धोंड्याचं मागणं म्हणून चावी द्या. आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं. आरशाला पटलं.

बायको पुढं गेली होती. मी कनेरगाव नाक्याला एसटीनं जाणार होतो. तर मामाच मला न्यायला हिंगोलीला हजर, गाडी घेऊन.

"बसा जावईबापू. एसटीत काहून तकलीफ करून घेता?"

बसलो. दुसरं काय करणार? जावयानं सासऱ्याच्या गाडीत बसायला नकार द्यायचा तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायची माझी वेळ घरी पोचल्यावरची ठरली होती.

वाशीमकडं जाणारा तो रस्ता म्हणजे ट्रकांचा रस्ता. मी भीतीनं बोलायला लागलो ते थांबलोच नाही. "मामा, डावीकडून म्हैस." "मामा, खड्डा." "मामा, तो मोटारसायकलवाला बाजूनं घुसतोय." मामा नुसतं "हं" म्हणायचे आणि गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी वळायची. गिअर कधी पडला ते कळायचं नाही. ब्रेक लागला तरी माझ्या मांडीवरची पिशवी जागची हलत नव्हती. मी विचारही केला, की ह्या लोकांना उगीच काळजी वाटते, माणूस तर झकास चालवतोय. ह्या विचारानं माझं काम आणखी अवघड करून ठेवलं.

नाक्यावर गाडी दारात थांबली. मामींनी माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. शेजारच्या ओट्यावर दोघं-चौघं बसले होते, त्यांच्यात शेजारचा किराणा दुकानदार. मला वाटलं, हीच वेळ. भीड वाढायच्या आत बोलून मोकळं व्हावं. मी मोठ्यानं म्हणालो, "मामा, तुमच्या ड्रायव्हिंगला कुडोज," आणि 'पण' म्हणायला श्वास घेतला.

"काय म्हणले?" मामांनी विचारलं.

"कुडोज."

"ते काय असते?"

आता ही अडचण माझ्या तयारीत नव्हती. साहेबानं कुडोज दिल्यावर आमच्यात कुणी अर्थ विचारत नाही.

"म्हणजे... शाबासकी."

"शाबासकी तर लेकरायला देतेत," ओट्यावरून दुकानदार म्हणाला.

"शाबासकीच्या वरची," मी घाईनं सांगितलं.

"किती वरची?"

"बरीच वरची. ऑफिसात साहेब लोक देतात."

ओट्यावरचे सगळे मामांकडं बघायला लागले. मामा गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "आख्खी नोकरी गेली. लोकं घरापर्यंत सुखरूप उतरले, पण एकही पॅसेंजर मागं वळून 'बरी आणली' म्हणला न्हाई. लेट झाली की तेवढं बोलायचे." मग त्यांनी मामींकडं बघितलं. "ऐकलं का? जावयानं दिलं."

माझा घेतलेला श्वास तसाच आत राहिला. तो मी नंतर, हातपाय धुताना, सोडला.

स्वयंपाकघराच्या दाराआड बायकोनं गाठलं. "तुम्हाला काय सांगायला आणलं होतं?"

"सांगणार होतो. पुढचं वाक्य राहिलं."

"मागच्या वाक्यानं घोटाळा केला, पुढच्याचं काय घेऊन बसले? छत्री मागितली असती तर परवडलं असतं."

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या नाक्यावर पोचली होती. मामा दाढी करून आले तर न्हाव्यालाही माहीत. ढाब्यावरचा माणूस मला थांबवून म्हणाला, "ड्रायवरसाहेबांला तुमी काय तरी वरचं दिलं म्हणे?" मराठी शब्द असता तर लोकांनी त्याची घासाघीस केली असती. उत्तम म्हणजे किती उत्तम, जावई आहे म्हणून म्हणतोय, असं करत करत रात्रीपर्यंत 'काय वंगाळ न्हाई'वर आणून ठेवलं असतं. पण ह्या शब्दाची किंमत तिथं कुणालाच करता येईना, म्हणून तो होता तसाच अख्खा राहिला, आणि मी त्याच्या आत.

मेहुण्याचा फोन आला. "दाजी, सांगितलं का?"

"सुरुवात केली."

"आई म्हणते, तुमी बाबांचा सत्कार करून राहिले."

जेवायला पाट मांडला. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. मामी वाढताना माझ्याकडं अशा बघत होत्या, की पळी तुपात आहे की माझ्या मानेवर ते कळू नये. मी घास बाजूला ठेवला.

"मामा, सकाळी मी जे म्हणालो ना, त्याच्या पुढं अजून एक वाक्य होतं."

मामांचा हात ताटातच थांबला. तोंडावर असं काही उजेडलं, की लग्नात मुलगी दिली तेव्हाही मी ते बघितलं नव्हतं.

"अजून हाय?"

मी सगळ्यांकडं बघितलं. मामींकडं, बायकोकडं, भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या मामांच्या खाकी गणवेशातल्या फोटोकडं.

"मनापासून," मी म्हणालो. "कुडोज, मनापासून. असं ते वाक्य होतं."

बायकोनं कपाळाला हात लावला. मामींनी धोंड्यांची परात माझ्यासमोरून उचलून नेली, मला अजून दोन लागत होते तरी.

मामा खुशीत म्हणाले, "उद्या साखऱ्याला जाऊ. माझ्या बहिणीनं जेवायला बलावलं तुमाला. सगळेच जाऊ, गाडीतच." आणि मग, "धोंड्याचं मागणं सांगितलं न्हाई अजून तुमी. मागा काय ते."

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

सकाळी आम्ही गाडीत बसलो. मामा स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागं मामी आणि बायको, दोघींच्या मांडीवर अनारशांचे डबे. बसायच्या आधी बायकोनं मला तंबी दिली होती, "आज गाडीत तोंड उघडायचं नाही. तुम्ही बोलले की त्यांना चढतं. साखऱ्याला पोचलो की आत्याच्या देखत चावी मागा आणि मोकळे व्हा." हे मला पटलं. माझ्या तोंडानं आदल्या दिवशी केलेलं काम बघता ते बंद असलेलंच बरं.

तर मी तोंड बंद करून बसलो. मोठा रस्ता सुटला, शेतांमधून जाणारा अरुंद रस्ता लागला. दोन्हीकडं सोयाबीन, मधे मधे हळदीची रुंद पानं. मामा दोनदा म्हणाले, "आज गप-गप हाय जावई." मी हसलो. हसणं त्यांना दिसलं नसणार, मी त्यांच्या बाजूला होतो. तेव्हा मात्र हे माझ्या डोक्यात आलं नाही.

एका वळणाला डाव्या कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, कडब्यानं लादलेली, अर्धी रस्त्यावर. मला ती दिसली. मामांनाही दिसली असणार, असं मी धरून चाललो. एवढा जुना माणूस, शेवटच्या क्षणाला लोण्यातून सुरी फिरवणार. गाडीचा वेग कमी होईना. मी तोंड उघडलं आणि बायकोची तंबी आठवून मिटलं. हे मी खरंच केलं.

"बाबा, ट्रॉली," मागून बायको किंचाळली.

मामांचा पाय ब्रेकवर गेला तो जन्माच्या सवयीनं. गाडी थांबली तेव्हा कडब्याच्या पेंढ्या बॉनेटवर टेकल्या होत्या. डबा उघडून अनारसे माझ्या पायांपाशी आले. ट्रॉलीखालून दोन पाय दिसत होते. मग पायांच्या पुढचा माणूस सरपटत बाहेर आला, हातात पान्हा घेऊन. चाक खोलत होता. त्यानं गाडीकडं बघितलं, मामांना ओळखलं.

"राम राम ड्रायवरसाहेब," तो म्हणाला. "सावकाश."

त्याला काय झालं असतं ते त्याला कळलंच नव्हतं. मामांनी गाडी मागं घेऊन कडेला लावली, इंजिन बंद केलं. मागं मामी काहीतरी पुटपुटत होत्या, बहुतेक देवाचं. मामांचे हात स्टिअरिंगवरच होते.

"आज तुमी बोलले न्हाईत," ते म्हणाले.

"अं?"

"काल बोलत होते. म्हैस म्हणले, खड्डा म्हणले. डावीकडून, उजवीकडून. मला वाटलं, मुलानं सांगितलं असंल डोळ्याचं, म्हणून जावई कडेचं सांगून राहिले. अन् तरी वरून कुडोज दिलं. म्हणलं, एवढ्या डोळ्यावर चालवतो, त्याचं देऊन राहिले."

काल मी भीतीनं बडबडत होतो, आणि ह्या माणसानं माझ्या भीतीवर भरवसा ठेवून ट्रकांमधून गाडी काढली होती. दाराची काच वर होती, मागं दोघी, पुढं कडबा. दार उघडायचा धीर असता तर मी सोयाबीनमध्ये जाऊन उभा राहिलो असतो.

"तर असं करा," मामा म्हणाले. "तुमी रोज न्हाई, पण सुट्टीच्या दिवशी येत जा. कडेला बसून बोलत जा. मी चालवतो."

त्यांच्या आवाजात विनंती होती. त्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. हो म्हणणं इतकं सोपं होतं, की मी जवळजवळ म्हणालोच. मग मला ते ट्रॉलीखालचे पाय आठवले, चपला घातलेले, टाचांना चिखल.

"मामा," मी म्हणालो, "पण..."

कालपासून अडकलेला तो 'पण' बाहेर आला तेव्हा अगदी बारीक झाला होता.

"पण काय?"

"धोंड्याचं मागणं राहिलंय माझं. चावी द्या."

मामांनी एकदा समोरच्या कडब्याकडं बघितलं. मग विचारलं, "हेच सांगायला आले होते ना?"

"होय."

"मंग काल काहून न्हाई सांगितलं?"

"आमच्यात आधी कुडोज देतात. मग सांगतात."

"आमच्यात डेपोतले साहेब डायरेक्ट सांगायचे," मामा म्हणाले. "बरं होतं ते."

त्यांनी चावी काढली. शर्टाच्या टोकानं पुसली आणि माझ्या हातात दिली. मागून मामींनी नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, सुटलो.

मग लक्षात आलं की आम्ही साखऱ्याच्या वाटेवर आहोत आणि गाडी आपली आपण चालत नाही.

"तुमाला येते ना?" मामांनी विचारलं.

माझ्याकडं लायसन आहे. ते कसं मिळालं ते इथं लिहीत नाही. लायसन मिळाल्यापासून मी स्कूटीशिवाय काही चालवलेलं नाही, हे बायकोला माहीत होतं, म्हणून तिनं मागचं दार उघडून एक पाय बाहेर ठेवला. मामींनी तिला आत ओढलं.

जागा बदलल्या. मी स्टिअरिंगवर, मामा शेजारी. त्यांना माझे पाय दिसत नव्हते, पण इंजिन ऐकू येत होतं. "क्लच सोडा. हळू. इतकं हळू न्हाई. आता गिअर. दुसरा. हा दुसरा न्हाई, हा चौथा." गाडी दोनदा उडी मारून बंद पडली. ट्रॉलीवाला पान्हा हातात धरून बघत होता. आता त्याच्या चेहऱ्यावर खरी भीती होती. शेवटी आम्ही सुटलो आणि साखऱ्यापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये गेलो. बैलगाडीनं आम्हाला ओलांडलं नाही, एवढं सांगतो. बैलगाडी नव्हती रस्त्यात.

आत्या अंगणात उभ्या होत्या. "अगं बाई, आज जावयानं आणली का गाडी? कशी चालवतेत?"

मी मामांकडं बघितलं. बायकोही बघत होती. खरं सांगतो, मला त्या वेळी एक शब्द पाहिजे होता. मराठी चालला असता, 'वंगाळ न्हाई' चाललं असतं.

"आणली त्यायनं," मामा म्हणाले आणि आत गेले.

तेव्हापासून मी दर सुट्टीला कनेरगाव नाक्याला जातो. ही अट कुणी घातली नाही, पण मोडायची हिंमत माझ्यात नाही. चावी मी परत मामांकडंच ठेवायला दिली आहे. मी नसलो की ते गाडीला हात लावत नाहीत, पुसण्यापुरता सोडून. मी गेलो की ते ती पुसून माझ्या हातात देतात, शेजारी बसतात, आणि मी त्यांना घेऊन जातो. कधी दुकानाला, कधी बहिणीकडं, कधी नुसतंच रस्त्यानं ढाब्यापर्यंत आणि परत. कडेचं मी सांगतो, म्हैस, खड्डा, ट्रॉली. गिअरचं ते सांगतात. त्यांचा डावा हात मांडीवर असतो आणि मी चुकलो की तो आपोआप हवेतच गिअर टाकतो. मेहुणा फोनवर खूश आहे. बायको म्हणते, छत्री मागितली असती तर सुट्ट्या तरी वाचल्या असत्या.

परवा एका ट्रकला बाजू देऊन मी गाडी अगदी अलगद परत रस्त्यावर घेतली. मांडीवरचा हात हलला नाही.

"कुडोज, जावईबापू," ते म्हणाले.

मी पाठ सरळ केली, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि पुढच्या शब्दाची वाट बघू लागलो.